ब्रूनोसाहेबांची मॅकरोनी

ब्रूनोसाहेब हॉटेलात मेनूकार्ड नेहमी मागच्या बाजूनं उघडत. डाळ, पनीर, बिर्याणी यांच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. शेवटच्या पानावर, आइस्क्रीमच्या जरा वर, ‘कॉन्टिनेंटल’ या मथळ्याखाली दोन-तीन पदार्थ अंग चोरून उभे असत. त्यांवर बोट ठेवून ते म्हणत, “ये.”

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात इटलीहून मशिनं आली, त्यांच्यामागोमाग हे साठीला टेकलेले गृहस्थ आले. मशिनं बसली, पण त्यांची कुरकुर थांबेना. म्हणून साहेबही राहिले. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. परतायची घाई नव्हती. मुकुंदवाडीला आमच्या गल्लीत ब्रूनो नावाचं कुत्रं होतं. साहेब घरी आले आणि मी हाक मारली, की आधी ते येई.

शनिवारी त्यांना जेवायला न्यायचं काम माझ्याकडं होतं. क्रांती चौकाजवळच्या हॉटेलात त्यांनी पहिल्यांदा मॅकरोनी मागवली. आली ती गोडसर पांढऱ्या रश्श्यात बुडालेली. वर चीज, अननसाच्या फोडी आणि मधोमध लालभडक चेरी. बंद पडलेल्या मशिनकडं पाहावं तसं साहेबांनी तिच्याकडं चारी बाजूंनी पाहिलं.

“अननस क्यों?”

गोरा पाहुणा बघायला आचारी नामदेव स्वतः बाहेर आला होता. गडी देवगाव रंगारीचा. म्हणाला, “शोभंसाठी, साहेब.”

“और चेरी?”

“अननसाच्या शोभंसाठी.”

साहेबांनी सगळं संपवलं. “बहुत अच्छा,” म्हणाले. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, “लई वाईट.” ‘लई’ त्यांनी कामगारांकडून उचलला होता, शिव्यांसकट. पुढच्या शनिवारी पुन्हा तीच मॅकरोनी, तेच कौतुक, तीच रिक्षा. मी म्हणालो, आता आमचं जेवण घेऊन बघा. तर म्हणाले, “पेट इधर का हो गया. जुबान अभी नाय.”

वर्षभर कौतुक ऐकून नामदेव फुलला होता. एकदा म्हणाला, “साहेब, तुमच्या हातची बी दावा की.” साहेब सुट्टीवरून येताना सामान घेऊन आले आणि त्याच्या भटारखान्यात घुसले. नुसतं तेल, लसूण, मीठ. गाणं गुणगुणत त्यांनी मॅकरोनी केली आणि नामदेवपुढं ठेवली. त्यानं बराच वेळ चावली.

“आजारी माणसाला चांगलं हाय,” तो मला म्हणाला. “बाळंतिणीला बी चालंल.”

साहेबांना कळणार नाही या भरवशावर तो बोलला. पण ‘आजारी’ हा शब्द साहेबांना पक्का ठाऊक होता. अर्धे कामगार तोच सांगून रजा घेत.

“मैं एक साल झूठ बोला!” साहेब कडाडले. “तेरा मॅकरोनी लई वाईट! लई लई वाईट!”

बाहेरची गिऱ्हाइकं घास हातात धरून बसली. नामदेवचा चेहरा उतरला. “मंग दर शनिवारी खाता कशापायी?”

साहेब पिठाच्या डब्यावर बसले. “मेरी बीवी शनिवार को बनाती थी,” ते हळू म्हणाले. “इधर कोई उसका नाम नहीं लेता. कार्ड पर मॅकरोनी का नाम तो है.”

स्वतःसाठी झाकून ठेवलेलं पिठलं, भाकरी आणि ठेचा नामदेवनं पुढं सरकवला. साहेबांनी घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ठेचा जबरीच होता, त्यामुळं कुणी चौकशी केली नाही.

त्यानंतर साहेब टेबलावर कधी बसलेच नाहीत. शनिवारी थेट आत जायचे, नामदेवशी भांडायचे, त्याच्याच ताटात जेवायचे. त्या भांडणांत अननस गेला. चेरी मात्र नामदेवनं शेवटपर्यंत सोडली नाही.

साहेब मायदेशी परतले. काही वर्षांनी मुलीनं कारखान्यात फोन करून मला कळवलं, ते गेले. मी नामदेवला सांगायला गेलो. तो कणीक मळत होता. त्याचे हात थांबले.

“शेवटी जेवण जात होतं का त्यांना?”

“ते विचारलं नाही मी.”

“विचारायचं की ओ,” तो जवळजवळ ओरडलाच. “आधी तेच विचारायचं असतंय.”