दोनशे पत्रिका घेऊन बारवीला

रूपाच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवरच पाठवायची, असं बारवी धरणाजवळच्या मावशीच्या घरी जवळजवळ ठरलं होतं. मी फोनवर अक्षरशः हातापाया पडले. मी डिझाइन शिकते, कागद दिसला की आधी बोटांनी चाचपते, आणि माझ्याच मावसबहिणीची पत्रिका लोकांनी अंगठ्याने वर सरकवायची? छे! "मी छापून आणते," म्हटलं.

"आन," मावशी म्हणाली. "पन शनवारी सांजच्याला पयली पत्रिका गावदेवीपुढं ठेवाची हाय. जमलं नाय तर मोबाईल हायच."

म्हणून शनिवारी सकाळी पालेगावहून प्रेसकडे जायला स्कूटी काढली. असा बेत आखणाऱ्यांसाठी सूचना: उल्हासनगरला पोट रिकामं ठेवून जा. कॅम्प चारमध्ये गाडीवर पन्नास रुपयांत दाल-पकवान मिळालं, आणि पकवान इतकं कुरकुरीत की शेजारचा माणूस दचकला.

प्रेस म्हणजे एका शटरचा गाळा. दोन्ही बाजूंना जीन्स शिवणारे, मधे रॉकेल आणि शाईचा वास. मी तो वास छातीभर ओढून घेतला. प्रेसवाले सिंधी काका माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचं जुनं ट्रेडल, म्हणजे ठोकळा कागदावर दाबून छापणारं मशीन, आता फक्त बिलबुकांवर नंबर मारतं. पत्रिकेच्या आतला मजकूर आठवड्यापूर्वीच मरून रंगात छापून झाला होता. बाहेर फक्त नवरा-नवरीची दोन नावं उरली होती, रूपा आणि महेश. माझ्या अक्षरातली, धातूच्या ब्लॉकवर कोरलेली. तो ब्लॉक हातात आला तेव्हा मी नाचायचीच काय ती बाकी होते.

"काका, काली इंक डालिए. एकदम गाढी."

काकांनी चष्मा काढला. "शादी के कार्ड पे काला? मैडम, अपुन ने कभी नहीं छापा. लाल लो."

"लाल तो सब छापते हैं!"

"सब की शादी भी तो होती है ना अच्छे से."

हट्टात मला कोणी हरवू शकत नाही, पण काकाही काही कमी नव्हते. अर्ध्या तासाने मी म्हटलं, मग शाईच नको, नुसता दाब द्या. काकांनी शाईचे रूळ काढून ठेवले, दाब वाढवला. खाड्! जाड पांढऱ्या कागदात नावं खोल रुतली. दारातल्या उन्हात तिरकी धरली की अक्षरांत सावली भरायची. मी बोट फिरवलं आणि मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू. दोनशे होईपर्यंत मशीनजवळून हलले नाही.

पेट्रोल बदलापुरातच भरा. पुढे बारवीच्या रस्त्याला खड्डे भरपूर आणि नेटवर्क नावापुरतं. पायाशी पत्रिकांचा खोका, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेती, पेंढ्याच्या उडव्या, धरणाकडून गार वारा. मी बेसूर गात सुटले होते.

मावशीच्या ओटीवर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मावशीने पत्रिका उलटसुलट केली. "काय गो, वर नावाच नाय? कोरा कागद आनलास?"

"बोट लावून बघ ना!"

"लोकांनी का आंधळ्यावानी चाचपायचं?"

रूपाचा चेहरा पडला. ज्या हौसेपायी मी सगळ्यांना वेठीला धरलं, तीच अंगाशी आली होती. पुन्हा छापायला वेळ नव्हता. महेशकडचे मोबाईलवर पाठवायला टपलेलेच होते.

मावशी सुस्कारा टाकून उठली. कोरी तर कोरी, देवीपुढे ठेवायची तर हळद लावायलाच हवी. ओली हळद घेऊन तिने चारही कोपऱ्यांना बोटं टेकवली. शेवटच्या कोपऱ्यावर अंगठा घसरला आणि पत्रिकेच्या मधोमध, नावांवरून पिवळा फराटा उमटला. "अगं बया!" म्हणत तिने तो पदराने पुसला. वरची हळद निघाली, खळग्यातली निघाली नाही. कागदावर लख्ख पिवळं उमटलं होतं: रूपा, महेश.

रूपा अशी किंचाळली की शेजारणी धावत आल्या. पहिली पत्रिका देवीपुढे गेली, आणि मग ओटीवर परातभर हळद कालवून आम्ही सातजणी दोनशे पत्रिका रंगवायला बसलो. कुठे ठळक, कुठे फिकी, एकीसारखी दुसरी नाही. मावशी आता दर पाहुण्याला सांगत होती, "ह्ये असंच कराचं होतं."

घरी आले तेव्हा नखं पिवळी, पाठ मोडलेली आणि पिशवीत माझ्या वाटची एक पत्रिका. वर्षभर वर्गात मी हाताला जाणवणाऱ्या छपाईवर भाषणं ठोकत होते. हात म्हणजे फक्त माझाच, असं इतके दिवस धरून चालले होते, हे त्या दिवशी कळलं.

काकांना फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन आला.

"मैडम, ये पीला कौनसी कंपनी का इंक है? एक पार्टी को ऐसाच मांगता."

"इंक नहीं है काका," मी म्हटलं, "मेरी मौसी है."