शहादेव सरांचा लांबलेला सप्ताह

शहादेव सरांना खुर्चीवर नीट बसलेलं आमच्या शाळेत कुणी पाहिलेलं नाही. हजेरी उभ्याने, डबा उभ्याने, चहा तर चालता चालता. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक जरा पाठ टेकतो, तर हा माणूस दारातून खिडकीपाशी आणि खिडकीपासून पुन्हा दारात. "अहो सर, बसा की घटकाभर, तुमच्याकडे बघून माझी मान दुखायला लागली," असं मी त्यांना कितीदा झापलं असेल. झापलं की बसायचे. मी वह्या तपासायला डोकं खाली घातलं की खुर्ची पुन्हा रिकामी. पायाला भिंगरी बांधूनच जन्मलेला माणूस. मी त्यांच्याहून वयाने मोठी, मराठी शिकवते, आणि माझं तोंड फटकळ आहे हे गावाला ठाऊक आहे. म्हणून त्यांच्याविषयी मीच सांगितलेलं बरं. बाकीचे उगाच गोड गोड बोलतील.

आमचं गाव चौसाळ्याच्या पुढे, हमरस्ता सोडून आत. सांगते आहे ते साल दोन हजार बाराचं. पावसाने तोंडही दाखवलं नाही. गणपती उठले तेव्हाच विहिरींचा तळ दिसत होता, आणि जवळच्या सहकारी साखर कारखान्याने ऊसच नाही म्हणून गाळप बंद ठेवलं. एरवी निम्मं गाव ऊसतोडीला जातं. त्या वर्षी बहुतेक सगळंच निघालं, तेही लांब, पार कर्नाटकाकडे. तोडीच्या कामात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता निघतो तेव्हा घरी म्हातारं माणूस असेल तर पोरं गावात राहतात, नसेल तर पोरंही ट्रकमध्ये चढतात. दिवाळीनंतर वर्गात गेलं की रिकामी बाकं बघून माझा जीव वरखाली व्हायचा. शिकवायला बसलं तरी लक्ष खिडकीबाहेर, आज कुणाचं बोचकं बांधलं जातंय त्याकडे.

सातवीतली अंजना अशीच जाणार होती. तिची आजी श्रावणात वारली आणि घरात मागे राहायला कुणी उरलं नाही. बाप ज्ञानोबा, आई भिमाबाई आणि अंगावर पिणारा एक भाऊ. उसाच्या फडाजवळ पाचटाची झोपडी घालतात तिला कोपी म्हणतात. त्या कोपीवर भाऊ सांभाळायचा, भाकरी थापायच्या, एवढं अंजनाचं पुढचं वर्ष ठरलेलं होतं. अशा पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालवता येतं. आई-बाप परत येईपर्यंत पोरांना जेवण आणि निवारा मिळतो. सरांनी त्याची मागणी कधीच वर पाठवली होती आणि मंजुरी म्हणे आज-उद्या येणार होती. ती आली संक्रांतीनंतर. पण तेव्हा आम्हाला ते काय माहीत.

मंजुरी येईपर्यंत पोरगी गावात कशी अडवायची, यासाठी सरांनी उपक्रम सप्ताह काढला. आठवडाभर शाळा वर्गाबाहेर भरवायची, रोज नवीन ठिकाण दाखवायचं आणि शनिवारी एसटीची करारावरची गाडी करून धर्मापुरीचं जुनं देऊळ बघायला जायचं. मुख्याध्यापक विठ्ठलराव म्हणाले, "दुष्काळात सहली कसल्या काढता, सर?"

"दुष्काळ आहे म्हणूनच," सर म्हणाले. "सहल आहे म्हटलं की पोर अडून बसतं. पोर अडलं की आई-बाप चार दिवस थांबतात."

त्या संध्याकाळी सर मला घेऊन ज्ञानोबाच्या घरी गेले. बोचकी दारातच बांधून ठेवली होती. ज्ञानोबा माळकरी, शब्दाचा पक्का. त्याने एकदा हो म्हटलं की टोळी नेणारा मुकादमसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नसे. सरांना ते पक्कं माहीत होतं.

"ज्ञानोबा, मारुतीच्या देवळात हरिनाम सप्ताह बसतो. काल्याच्या आधी कुणी उठतं का?"

"छ्या, कसं उठंल?"

"मग आमचाही सप्ताह बसलाय. सहल म्हणजे आमचा काला. अंजनाला तेवढं होऊ द्या."

अंजना चुलीपुढे होती. तिने वळून बापाकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. चौसाळ्यापलीकडे काही न पाहिलेली पोर. ज्ञानोबाने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "बरं. हिची सहल झाल्याबिगर हिला न्हेनार न्हाई. जबान दिली."

"आन मुकादमाला कोन तोंड देनार?" भिमाबाई लेकराला थोपटत पुटपुटली.

परत येताना मी सरांना म्हटलं, "भोळ्या माणसाला चांगलं बांधून घातलंत." ते म्हणाले, "शनिवारपर्यंतच हो, बाई. तोवर मंजुरी येईल."

सोमवारी आम्ही दोरी आणि दगड घेऊन गावातल्या विहिरी मोजल्या. मंगळवारी पोस्टात गेलो, मास्तरांनी पोरांना शिक्का मारू दिला. बुधवारी सहकारी दूध संस्था. तिथले चेअरमन आप्पा मोठे हौशी. दुधाची फॅट काढायचं मशीन त्यांनी चालवून दाखवलं, पूर्वी कॅनची रांग कुठपर्यंत लागायची ते सांगितलं, आता निम्म्या गायी चारा छावणीत बांधल्या आहेत आणि दूध उरलं नाही हेही सांगितलं. शेवटी, कुणाला काही विचारायचं का, म्हणाले. अंजनाने हात वर केला.

"आप्पा, गाय छावणीत गेली, दूध यायचं बंद झालं, तर मानसाचं नाव काडता का वो संस्थेतून?"

"न्हाई बाळा. सभासद तो सभासद. पाऊस पडंल, गाय येईल, दूध घालील."

"मंग शाळंतून कावून काडतेत?"

आप्पा खो खो हसले. सर हसले नाहीत. ते उठून बाहेर गेले आणि दूध संस्थेच्या अंगणात चकरा मारत राहिले. मला वाटलं, बिडी-बिडी ओढतात की काय. पण नुसतेच चालत होते.

त्या दिवशी डबा खाताना त्यांनी मला त्यांच्या बहिणीचं सांगितलं. भामाबाई त्यांच्याहून थोरली. सरांचा जन्म झाला तेव्हा ती दुसरीत होती आणि तान्ह्या भावाला सांभाळायला म्हणून तिला कोपीवर नेलं ते कायमचंच. पुढे हे शिकले, मास्तर झाले. ती अजून कोयता घेऊन जाते. भाऊबीजेला ओवाळते आणि सगळ्यांदेखत ह्यांना साहेब म्हणते. "चेष्टेने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं हो," सर म्हणाले. तेही उभ्यानेच. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो.

शनिवार उजाडला, मंजुरी आली नव्हती. सरांनी पोरांना सांगितलं, गाडी नादुरुस्त झाली, सहल पुढच्या आठवड्यात. पोरांनी एकच गिल्ला केला. मग सोमवारी पुन्हा उपक्रम. लोहाराचा भाता, बँक, कोरड्या तळ्यावरचे पक्षी. तिथे एक टिटवी होती, ती आम्हाला बघून उडाली. पोरं रोज विचारायची, "सर, सहल कदी?" आणि सर रोज नवीन थाप मारायचे. ड्रायव्हर आजारी पडला, धर्मापुरीचा रस्ता खोदलाय, पौर्णिमेला देवळात गर्दी असते. असा वाईट थापाड्या मी जन्मात पाहिला नाही. बोलताना डोळे छताकडे, पाय दाराकडे. शाळा सुटली की मोटारसायकलला लाथ मारून तालुक्याला पळायचे आणि तोंड पाडून परत यायचे. सगळ्यांत जास्त कोण विचारत होतं? अंजनाच. जिची सहल होऊ नये म्हणून ही धडपड, तिनेच दिवाळीचा फ्रॉक धुऊन, घडी घालून ठेवला होता.

इकडे ज्ञानोबाच्या टोळीचा ट्रक निघून गेला. हा थांबला. मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेऊन बसलेला माणूस, गावात काम नाही, आणि दिलेल्या शब्दापायी घरी बसून. तो सकाळी शाळेत यायचा, लिंबाखाली टोपी मांडीवर ठेवून बसायचा आणि सर दिसले की विचारायचा, "सर, काला कदी?" भांडायचा नाही, आवाज चढवायचा नाही. मला ते बघवेना. एके दिवशी मी सरांना पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

"तुम्ही त्या माणसाच्या खरेपणावर जगताय, सर. दुसरा एखादा असता तर पोरीला केव्हाच घेऊन गेला असता. खरा आहे म्हणून तो अडकलाय. लाज नाही वाटत?"

"वाटते," ते म्हणाले. "मग काय करू सांगा. पाठवून देऊ?"

तेव्हा मी आणखीच चिडले.

शेवटी विठ्ठलरावांनीच गाडी ठरवली. म्हणाले, "सप्ताह म्हणजे किती दिवसांचा असतो हे मराठीच्या बाईंना विचारा. या शनिवारी गाडी येईल आणि पोरं जातील. पुरे झालं." मुकादमानेही निरोप धाडला. शनिवारी दिवेलागणीला टेंपो येईल, या वेळी कोयता गाडीत दिसला पाहिजे.

शनिवारी सकाळी एसटी शाळेपुढे उभी राहिली. पोरं खिडक्यांसाठी भांडत होती. अंजना तो फ्रॉक घालून, फडक्यात भाकरी बांधून आली. मागे ज्ञानोबा आणि कडेवर लेकरू घेतलेली भिमाबाई. बापाचा चेहरा मोकळा दिसत होता. त्याचा शब्द आज फिटणार होता.

अंजनाने पायरीवर एक पाय ठेवला आणि थांबली. दाराशी सर उभे होते.

"सर, आज सहल झाली की मला जावं लागंल ना?"

इतके दिवस थापा मारणारा माणूस. आणखी एक मारली असती तर काय बिघडलं असतं? पण सरांनी तिच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाले, "हो."

तिने पाय खाली घेतला. "मग मी येत न्हाई."

ज्ञानोबा पुढे झाला. "बस की गं. तुज्याचसाठी थांबलोय एवढं."

"न्हाई."

"कावून?"

"दादा, तुमीच म्हनलात. हिची सहल झाल्याबिगर न्हेनार न्हाई." ती बापाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत होती. "माजी झालीच न्हाई तर?"

गाडीतल्या पोरांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. भिमाबाईने लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. ते लेकरू आता फडाच्या बांधावर एकटंच निजणार, हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं असावं. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"आन राहशील कुटं?" ज्ञानोबा म्हणाला. "खाशील काय?"

"माझ्या घरी," मी म्हटलं. मी ठरवून बोलले नव्हते. तोंड फटकळ असण्याचा हा एक तोटा.

ज्ञानोबाने टोपी काढून पुन्हा डोक्यावर नीट बसवली. मग "बरं" म्हणाला आणि वळून घराकडे चालू लागला. त्या "बरं"चा अर्थ काय, ते कुणालाच कळलं नाही. सरांनी मला गाडीत चढवलं आणि स्वतः खाली राहिले.

धर्मापुरीत मी काय पाहिलं ते विचारू नका. पोरं देवळाभोवती पळत होती, दगडी भिंतीवर कोरलेल्या बायकांकडे बोटं दाखवत होती. मी सारखी उन्हाकडे बघत होते. ड्रायव्हरला दोनदा म्हटलं, चला आता. तो म्हणाला, "बाई, पोरान्ला जेवू तरी द्या की." ज्ञानोबा पोरीला घेऊन गेला असला तर? टेंपो लवकरच आला आणि रात्री माझ्या घरी यायची ती पोर आत्ताच त्यात बसून बार्शी ओलांडत असली तर? शहादेव सर दिवसभर कसे जगत असतील ते मला त्या दिवशी कळलं. मी देवळाच्या ओट्यावर एक क्षणही बसू शकले नाही.

परत आलो तेव्हा दिवे लागत होते. शाळेपुढे मुकादमाचा टेंपो उभा होता, इंजिन चालूच. आत बोचक्यांवर भिमाबाई लेकराला पदराखाली घेऊन बसलेली. ज्ञानोबा फाळक्याला धरून उभा. आणि फाटकाशी सर, त्यांच्या शेजारी अंजना. अजून खाली होती. पण टेंपोही अजून निघाला नव्हता.

एसटीतून पोरं धडाधड उतरली आणि सगळी एकदम तिच्याकडे धावली.

"अंजे, लई मोठं देऊळ हाय गं! भिंतीवर बाया कोरल्यात दगडाच्या, एकीच्या हातात तर..."

अंजनाने दोन्ही हात कानांवर गच्च दाबले. डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "नका सांगू! मला नका सांगू! ऐकली म्हंजी माजी बी झाली!"

पोरं चपापून मागे सरली. सर तिच्या पुढे येऊन उभे राहिले, जणू पोरांचे शब्द अंगावर घेणार होते. ज्ञानोबा टेंपोतून हे बघत होता. त्याने गळ्यातली माळ एकदा चाचपली, मग टपावर थाप मारली.

"चल रं," तो ड्रायव्हरला म्हणाला.

टेंपो फाट्याकडे वळला, त्याचा आवाजही यायचा थांबला. अंजनाने कानांवरचे हात काढले नव्हते.