टाच न उमटलेला पाय

धाराशिवला आमच्या खो-खोच्या मैदानावर एक म्हातारा रोज पाणी मारायचा आणि चुन्याची फक्की ओढायचा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. कोणता संघ जिंकला हे पंच सांगायचे, पण खेळाडू कोण मोठा हे तो ठरवायचा. तेही दुसऱ्या दिवशी सकाळी, मैदान झाडायच्या आधी. ओणवा होऊन मातीतले पायांचे ठसे बघायचा. खरा पळणारा चवड्यावर वळतो, त्याची टाच उमटत नाही, असं त्याचं मत.

निजामाच्या काळापासून असे तीनच झाले, म्हणायचा. त्यांची नावं घेताना, गवई गुरूचं नाव घेताना लावतात तसा, कानाला हात लावायचा. आम्ही जिल्ह्यात पहिले आलो तेव्हा मी ऐटीत विचारलं, "आता तरी आमच्यातला कुणी?"

"न्हाय. कप जिंकलाव, पर टाचा लई हायत."

मला असा राग आला, की वर्षभर मी चवड्यावरच पळालो.

पुढच्या वर्षी फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर सगळं मैदान झाडून झालं होतं. फक्त खांबाजवळ एक ठसा राखलेला, भोवती फक्कीचं गोल कडं.

"कुणाचा हा?"

"पाय ठिवून बघ की."

ठेवला. नेमका बसला.

म्हाताऱ्यानं झाडू खाली ठेवला. "नाव काय रं तुझं?"

मी सांगितलं. त्यानं ते एकदा सावकाश उच्चारलं, आणि कानाला हात लावला.