मागायची भीती

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी प्रार्थना करणं सोडून दिलं होतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रविवारी चर्चला जायचे, भजनाला टाळ्या वाजवायचे, जेवणाआधी डोळे मिटायचे. पण मिटल्या डोळ्यांनी प्रभूशी एक शब्द बोलत नव्हते. पहिल्या वेळी बोलले होते. पोटावर हात ठेवून रोज एकच मागितलं होतं, आणि सातव्या महिन्यात एका दुपारी कंबरेत कळ आली आणि सगळं संपलं. त्या बाळाला माझ्या नवऱ्याने एकट्याने नेऊन पुरलं. मी दवाखान्यात होते. लोक म्हणाले, प्रभूची इच्छा. मी मान डोलावली, पण मनात एक गोष्ट पक्की बसली. आता मागायचंच नाही. मागितलंच नाही, तर त्याला नाही म्हणता येणार नाही.

आम्ही दौंडला रेल्वे कॉलनीत राहतो. नवरा मालगाडीवर गार्ड आहे; तो घरी कधी असेल हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. माझं माहेर शिरूरचं. आईचा रोज फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "प्रार्थना करतेस ना?" मी हो म्हणायचे. सातवा लागला तशी माझी झोप उडाली. बाळ हललं की छातीत धस्स व्हायचं आणि हललं नाही की त्याहून जास्त. शेजारच्या मार्था मावशी आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि मला न विचारताच माझ्या घरी संध्याकाळची प्रार्थना ठरवून टाकली. मावशींना नाही म्हणणारं माणूस कॉलनीत अजून राहायला आलेलं नाही.

प्रार्थनेच्याच दिवशी दुपारी भांडी लावताना कंबरेत कळ आली. तीच. तिची जागासुद्धा मी ओळखली. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि वाटलं, कुणाला सांगितलं की हे खरं होईल. नवरा मनमाडच्या बाजूला ड्युटीवर होता. मावशी पलीकडे सतरंज्या झटकत होत्या, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. कळ गेली, पुन्हा आली. मी तोंड धुतलं, साडी बदलली आणि लोकांची वाट पाहत बसले. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

संध्याकाळी चर्चचे पाळक आले, मंडळीतली दहा-बारा माणसं आली. मावशींनी आणखी एका बाईला आत आणून माझ्या शेजारी बसवलं. इनामगावची बाई, बाजारात झेंडू आणि कोथिंबीर विकायला आलेली. तिचा नवरा टेम्पो घेऊन येईपर्यंत ती रस्त्यावर उभी होती, म्हणून मावशींनी बोलावलं. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात रिकामी पाटी. ती भिंतीला टेकून अवघडून बसली.

आमच्या घरगुती सभेत सगळे डोळे मिटतात आणि प्रार्थना गोलात फिरते. एकाचं आमेन झालं की पुढच्याने सुरू करायचं. ज्याला बोलणं जमत नसेल त्याने शेजाऱ्याचा हात हलकेच दाबायचा, म्हणजे त्याचा नंबर पुढे जातो. आमच्यात लहान लेकरालाही हे ठाऊक असतं. माझा नंबर आला तेव्हा नेमकी मोठी कळ आली. तोंड उघडलं तर किंकाळीच निघेल असं वाटलं. शेजारी कोण बसलंय याचं भान मला राहिलं नव्हतं. मी हात दाबला.

मग माझ्या कानाशी खरखरीत आवाज आला.

"देवा, तुला काय म्हनायचं मला ठावं न्हाई. ह्या पोरीनं माझा हात धरलाय. गार पडलाय तिचा हात, घामानं भिजलाय. कळा दाबून बसलीया ही, आन् कुणाला सांगत न्हाई. लई भ्यालीया. तू बघ बाबा हिच्याकडं."

आमेन कुणीच म्हटलं नाही. सगळ्यांनी डोळे उघडले.

"कवापासनं गं?" तिने विचारलं.

"दुपारपासून," मी म्हणाले आणि रडायला लागले.

तेवढ्यात टेम्पो आलाच. रिकाम्या क्रेटांमध्ये गोधडी टाकून मला झोपवलं. डोकं त्या बाईच्या मांडीवर होतं. दवाखान्यात डॉक्टरबाई रागावल्या, "इतका वेळ काय करत होतात?" "प्रार्थना," मावशी म्हणाल्या आणि मान खाली घातली. मुलगी झाली, मूठभर. आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणाचीच खात्री नव्हती, असं डॉक्टरबाईंनी नवऱ्याला नंतर सांगितलं.

तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मला तिथे नेलं तेव्हा तिची एवढीशी छाती भराभर वरखाली होत होती. "आत्ता काहीच सांगता येत नाही," नर्स म्हणाली. इतके महिने गप्प राहूनही माझी भीती तसूभर कमी झाली नव्हती, उलट ती मी एकटीने सोसली होती. मी काचेवर कपाळ टेकवलं आणि मागितलं. "प्रभू, ही मला हवी आहे. तू नाही म्हणालास तर मी भांडेन, पण तुझ्याशीच भांडेन. तुला सोडून जाणार नाही."

मुलगी आता घरभर धावते. इनामगावची ती बाई बाजाराला आली की तिला पाहून जाते. मी एकदा विचारलं, तुम्हाला त्या दिवशी प्रार्थना करायचं कसं सुचलं? ती म्हणाली, "तूच तर हात दाबला. मला वाटलं, तुमच्यात पाव्हण्याला मान देत्यात." मी तिला खरा रिवाज सांगितला नाही. त्या संध्याकाळी तो हात कुणी कुणाच्या हातात दिला होता, याबद्दल मला वाद घालायचा नाही. मी फक्त उपकार मानते.

लेकीला ताप आला की मी अजूनही तितकीच घाबरते. विश्वास म्हणजे भीती नसणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता मी तिच्या उशाशी बसते आणि आधी एवढंच म्हणते, "प्रभू, मला भीती वाटते आहे."