बाजेवर बसलेली सून

माझा गुडघा गेला तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, भाऱ्यापायी. शिमगा होऊन आठ दिवस झाले होते आणि आमच्या काळ्या रानाला उन्हानं हातहातभर भेगा पडल्या होत्या. डोक्यावर भारा घेऊन मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, खाली उतरले, उजवा पाय भेगेत गेला आणि भारा एकीकडे फिरला. भाऱ्याबरोबर मीही फिरले, पाय मात्र तिथंच रुतून राहिला. आत टरकन काहीतरी फाटलं. तो मेला भारा तेव्हाच फेकून दिला असता तर पाय वाचला असता. पण सुनेनं भारा टाकायचा नसतो, एवढंच मला तेव्हा ठाऊक.

ते दुसऱ्या लढाईचे दिवस. जऊळक्याच्या स्टेशनापासून आमचं गाव बैलगाडीनं दोन तासांवर. लग्नाला सहा वर्षं झालेली, पदरात एक मुलगी. हाडवैद्यानं एरंडाची पानं गरम करून बांधली, सूज उतरली, मी कामाला लागले. मग निराळंच सुरू झालं. जात्याशी, चुलीपुढं, कुठंही उकिडवी बसले की गुडघा अर्ध्यात अडकायचा. वाकेना आणि सरळही होईना. दात आवळून दोन्ही हातांनी हलवला की खटकन सुटायचा, आणि डोळ्यांसमोर काजवे चमकायचे.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी थेट बोलत नसत. तशी रीतच होती. मला जे सांगायचं ते गोठ्यातल्या बैलाला सांगत, आणि मी ते ऐकायचं. एका सकाळी बैलाची पाठ खाजवत म्हणाले, "घरातली बाई लंगडी झाली त घर कसं चालन रे राजा? पोराचं दुसरं लगन पाहा लागन." मी भाकरी थापत होते. बैल गप्प, मीही गप्प. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दुसरी आली की पहिलीचं काय होतं ते मी गावात दोन घरी पाहिलं होतं. गुडघा बरा झाला नाही तर हे घर माझं राहणार नव्हतं.

नवऱ्यानं मला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, एवढं त्याचं चांगलं. डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी पाय दुमडून, पिळून पाहिला आणि म्हणाले, "गुडघ्यात दोन हाडांच्या मधे मऊ गादी असते. तिची कड फाटलीय. दाराच्या फटीत चिंधी अडकते तसा तो तुकडा मधेच अडकतो. एक तर गुडघा उघडून तुकडा काढायचा, पंधरा दिवस इथं राहायचं. नाही तर तीन महिने व्यायाम."

नवरा म्हणाला, "बाबाले इचारून सांगतो."

माझं डोकंच फिरलं. पदराआडून बोलले, "बाबाच्या गुडघ्याले काय झालं? गुडघा माहा हाये."

नवरा लाल झाला. डॉक्टर हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं, तुम्हीच सांगा."

"कापलं आन आत पिकलं त?"

"तर गुडघा ताठ होईल. जन्मभराचा. रोज होतं असं नाही, पण होतं."

"आन व्यायामानं नाही झालं त?"

"मग कापूच. पण नेमानं करायचं. आणि तीन महिने उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. सगळं उंचावर बसून."

मी व्यायाम म्हटलं. शहाणपणानं नव्हे, मी सुरीला भ्याले होते. डॉक्टरांनी शिकवलं ते असं: बाजेवर पाय खाली सोडून बसायचं, पावलाला शेरभर वाळूची पिशवी बांधायची, पाय हळूहळू सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे आणि हळूच खाली आणायचा. सकाळी वीसदा, संध्याकाळी वीसदा.

घरी आल्यावर आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "कापून घेतलं असतं त मोकळी झाली असती. पंधरा दिवसानं कामाले लागली असती." आणि पाठ फिरवून गेल्या.

आता गंमत ऐका. आमच्यात सुनेनं सासू-सासऱ्यांसमोर बाजेवर बसायचं नसे. त्यांच्या दिशेनं पाय करायचे तर विचारूच नका. म्हणून मी जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, नाल्यातली वाळू भरली आणि व्यायाम गोठ्यात, गव्हाणीच्या काठावर बसून चोरून करू लागले. एक दिवस चुकवला नाही. आणि तिथून उठले की चुलीपुढं नेहमीसारखी उकिडवी! आत्याबाई जमिनीवर बसलेल्या असताना मी उंच बसणार कशी? एका हातानं लिंपायचं आणि दुसऱ्या हातानं उकरायचं, असला माझा कारभार. महिनाभर मी हा मूर्खपणा मोठ्या भक्तिभावानं केला.

एक दिवस मामाजींनी मानोऱ्याकडचा एक पाहुणा आणला. तो कुण्या मुलीचा मामा होता. कशाला आलाय ते मला कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. पुरुष जेवायला बसले, मी भाकरी वाढायला वाकले, मग बसले, आणि गुडघा अडकला. पाहुण्याच्या ताटासमोर, हातात टोपली, मी तशीच. उठता येईना. मामाजी भिंतीकडे पाहू लागले. नवरा ताटाकडे पाहू लागला, कारण वडिलांसमोर बायकोला हात लावायचा नसतो. पाहुणा मात्र माझ्याकडेच पाहत होता, अगदी निवांत.

आत्याबाई आतून आल्या, माझ्या काखेत हात घालून मला उचललं आणि आत नेलं. मी रागानं रडत होते. म्हटलं, "मले माहेरी धाडून द्या अन् होऊ द्या त्याहिच्या मनासारखं."

"रडू नोको. तू रोज गोठ्यात काय करून राह्यली ते सांग पयले."

म्हणजे त्यांना माहीत होतं! मी पिशवी दाखवली, सगळं सांगितलं. उकिडवं बसायचं नाही हे सांगितलं तशा त्या भडकल्या.

"मंग काहून बसते बाई चुलीपुढं? येडी हायेस का तू?"

"तुमी खाली, अन् मी वर कशी बसू?"

पाहुणा गाडीत बसून गेल्यावर आत्याबाईंनी ओसरीवरची बाज फरफटत आणली, स्वयंपाकाच्या दाराशी टाकली आणि म्हणाल्या, "बस."

"मामाजी..."

"बस म्हनते ना."

मी बसले. पाय खाली सोडले, पिशवी बांधली. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाजी गोठ्याकडे गेलेच. "पाह्य रे राजा, आता सुना बाजेवर बसतीन आन सासवा चूल फुकतीन!"

आत्याबाईंनी चुलीपुढूनच आवाज दिला, "बैलाले काय सांगता? मले सांगा."

त्यानंतर मामाजी चार दिवस बैलाशीसुद्धा बोलले नाहीत.

तीन महिने नव्यानं मोजले. दळण, स्वयंपाक, धुणं सारं आत्याबाईंनी केलं. पेरणीला सरता, म्हणजे बी सोडायची नळी, धरून तिफणीमागंही त्याच चालल्या, मी घरी बाजेवर डाळ निवडत बसले. शेजारणी दारातून डोकावायच्या आणि "राणीसाहेब बऱ्या हायेत का?" असं विचारून जायच्या. मी त्यांच्यापुढं आणखी पाचदा पाय उचलून दाखवायची. पण संध्याकाळी आत्याबाई वावरातून येऊन पुन्हा चुलीपुढं बसल्या की मला बाजेवर बसवत नसे. गुडघा हळूहळू सुटत गेला. आठवड्यात एकदा अडकायचा, मग पंधरा दिवसांत एकदा, मग अडकेनासा झाला. मानोऱ्याच्या त्या मुलीचं दुसरीकडं जमल्याचं कळलं. मामाजींनी नवीन पाहुणा आणला नाही.

श्रावणात पुन्हा अकोल्याला गेलो. या वेळी आत्याबाई म्हणाल्या, "मीबी येतो. पाहू दे मले तो डॉक्टर." डॉक्टरांनी माझा पाय दुमडला, पिळला, मला खोलीभर चालवलं. म्हणाले, "कापायची गरज नाही. उकिडवं मात्र आयुष्यात बसू नका. बाकी सगळं करा." मला तिथंच नाचावंसं वाटलं. घर माझं राहिलं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, तोही हसत होता.

आत्याबाई बाकडं रिकामं असून भिंतीशी जमिनीवर बसल्या होत्या. निघायचं म्हणून त्या उठू लागल्या. आधी एक हात भिंतीला, मग दुसरा, मग गुडघ्यावर तळवा दाबून, श्वास धरून त्या उभ्या राहिल्या. सहा वर्षं मी त्यांना असंच उठताना पाहत होते. माझ्या लेखी त्यांची उठायची पद्धतच ती होती.

डॉक्टर म्हणाले, "बाई, जरा इकडे बसा." त्यांनी आत्याबाईंना बाकड्यावर बसवून दोन्ही गुडघे हातांनी चाचपले. पाय सरळ करायला सांगितला. तो सरळ होत नव्हता, आणि आतून कुरकुर आवाज येत होता.

"कधीपासून आहे हे?"

आत्याबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "हा रांगत व्हता तवापासून. पानी आनतानी पडली व्हती मी. असाच अडकत जाय."

"हिच्यासारखंच झालं असणार," डॉक्टर म्हणाले. "आता हाडं झिजलीत. कापूनही उपयोग नाही, व्यायामानंही फारसा नाही." मग जरा चिडूनच त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं अंगावर काढलंत! तेव्हाच कुणाला सांगितलं का नाही?"

"कोनाले?" आत्याबाई म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट बघत होत्या.