अकरावी गाठ

कोल्हापूरच्या गूळ पेठेत घासाघिशीत मला कोणी हरवलं नाही. हरवलं ते दवाखान्यातल्या एका किडकिडीत डॉक्टरांनी, आणि तो राग अजून गेलेला नाही. डोक्यावर ढेपा वाहत मी माझी पेढी उभी केली. समोरच्याने कुठे थांबायचं हे मी ठरवायचो. या गृहस्थांना थांबणं ठाऊकच नव्हतं. ते आमच्याच गल्लीत राहायचे. सुट्टीच्या दिवशी कट्ट्यावर बसून शेजारणींचे तांदूळ निवडून द्यायचे, तेही डोळे मिटून. बाईने दोनदा निवडलेल्या तांदळात त्यांना हटकून खडा सापडायचा आणि ती बिचारी ओशाळायची. "डोळे लवकर दमतात, मग झालं म्हणतात," ते सांगायचे, "बोटांना तेवढी अक्कल नसते." लग्नाच्या पंक्तीत लाडू चिवडून त्यातला वेलदोड्याचा दाणा न् दाणा पानाच्या कडेला लावल्याशिवाय ते घास घेत नसत. वाढपी त्यांना ओलांडून पुढे जायचे.

दवाखान्यातलं त्यांचं कामही याच जातीचं. मोठे सर्जन कर्करोगाचं आतडं कापून काढत आणि हे ते ताटात घेऊन मागच्या पडवीत बसत, भोवतीच्या चरबीतल्या गाठी हुडकत. "पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं ना?" त्यांनी मला समजावलं होतं. "तसल्याच गाठी आतड्यालगत असतात, पण डाळीएवढ्या. रोग पुढे निघाला की पहिला मुक्काम तिथे करतो." एकदा दोनच गाठी सापडल्या, तेव्हा ताट घेऊन ते थेट सर्जनसमोर उभे राहिले. "साहेब, माणसात गाठी कमी नव्हत्या, आपण कापलं कमी. रोग काढलात, त्याचे सोयरे आत ठेवलेत." साहेब पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलले नाहीत, पण कापू लागले ते रुंद.

मग माझ्या धाकट्या भावाची पाळी आली. त्याच्या एकुलत्या मुलीची सोयरीक नेसरीला ठरली होती. मुलाचं शिक्षण संपलं की, म्हणजे दोन वर्षांनी, लग्न. गाठी स्वच्छ निघाल्या तर घाई नव्हती. एक जरी लागलेली निघाली, तर भाऊ दोन वर्षं काढील याची खात्री नव्हती. सकाळी त्याला कापलं. दुपारी मी पडवीत डॉक्टरांसमोर बसलो. ते एकेक गाठ काढत, मधोमध चिरून बघत आणि पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडत.

"चार झाल्या. चारी स्वच्छ."

"मग उठा की."

"शेट, गाडीभर गूळ तुम्ही एक ढेप फोडून घेता?"

"पाच फोडतो."

"आणि मी चारावर उठू?"

आठ झाल्या. मी म्हणालो, "डाक्टर, माझा भाऊ हाय त्यो. तुमचा तांदूळ न्हवं."

"म्हणून तर बसलोय."

दहावी स्वच्छ निघाली तेव्हा माझा तोल गेला. मी ताटावर हात ठेवला. "धा झाल्या. हितं थांबायचं. आत जाऊन सांगा त्याला, बरा झालास म्हणून."

"हात काढा, शेट."

आवाज चढला नव्हता. डोळे मिटलेले होते. मी हात काढला. बोटं चरबीच्या टोकाशी जाऊन थबकली. जोंधळ्याएवढी गाठ. चिरली तर आत पांढरट, टणक. त्यांनी ती फडक्यावर वेगळी ठेवली.

"तुमी हुडकली नसती तर नसती," मी ओरडलो.

"असती," ते म्हणाले. "आपल्याला ठाऊक नसती एवढंच."

लग्न त्याच वैशाखात उरकलं. भावाने लोडाला टेकून कन्यादान केलं आणि पुढचं गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आत तो गेला. लग्नात डॉक्टर मांडवाच्या कोपऱ्यात बसून डोळे मिटून अक्षतांचे तांदूळ निवडत होते. बोलावणं भावाचं होतं. मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. पुढेही बोललो नाही. आता ते नाहीत, आणि भांडायला जावं असा कट्टाही गल्लीत उरला नाही.

परवा बिद्रीकडचा एक गाडीवान माझ्यावर वैतागला. "पावणं, धा ढेपा फोडल्या की. समद्या चोख हाईत. आता आनि काय बघताय?"

डोळे मिटून मी अकरावीला हात घातला होता.