दुसऱ्या मॅडम

“नॉर्मलच ना? मग सोमवारी पिशवी काढून टाकते. वाट लागलीय माझी,” वैशाली टेबलावरून उठत म्हणाली.

घाटकोपरला तिचं पार्लर, पदरी दोन मुलं. ओटीपोटातलं दुखणं जुनं. आधीच्या सगळ्या सोनोग्राफी नॉर्मल आल्या होत्या, त्यामुळे घरच्यांच्या लेखी ते नाटक होतं. शेवटी तिच्या डॉक्टरांनी गर्भाशय काढायचं ठरवलं. माझ्या मुलुंडच्या सेंटरला ती त्याआधीची तपासणी करून घ्यायला आली होती, आणि माझ्याही स्क्रीनवर काही सापडत नव्हतं.

“कधी जास्त दुखतं?” मी विचारलं.

“संध्याकाळी. दिवसभर उभी असते ना! आडवी पडले की बरं वाटतं.”

आणि आम्ही सगळ्यांनी तिला सकाळी, आडवं झोपवूनच तपासलं होतं.

“आज पार्लर उघडा. काम संपलं की तशाच या.”

संध्याकाळी मी तिला उभं करून प्रोब लावला. डॉपलर म्हणजे रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते रंगात दाखवणारी सोय. बीजकोशाच्या शिरेतलं रक्त वर जायला हवं, तिचं खाली परतत होतं. शिरेतल्या झडपा ढिल्या पडल्या की असं होतं, बाळंतपणांनंतर जास्तच. गर्भाशयाभोवतीच्या शिरा चांगल्या टम्म फुगल्या होत्या. पायावर व्हेरिकोज व्हेन्स दिसतात, तशाच या आतल्या. आडवं झालं की त्या बऱ्याच रिकाम्या होतात.

“म्हणजे मला खरंच दुखतं,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

रिपोर्ट बघून तिच्या डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. मी समीरला फोन लावला.

“पेशंट पाठवतेय. शीर बंद करायची आहे.”

“झकास केस आहे यार! पाठव ना.”

समीर माझा बॅचमेट, आता अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. मानेतून किंवा जांघेतून बारीक नळी घालून तो बिघडलेली शीर आतून कॉइलने, म्हणजे तारेच्या बारीक वेटोळ्याने, बंद करतो. टाके नाहीत, गर्भाशय जागच्या जागी. आजार शोधायचा मी आणि पाया पडून घ्यायचं त्याने. एमडीला मार्क मला जास्त होते, हे मी कुणी विचारलं नसतानाही सांगते.

पुढच्याच आठवड्यात बॅचच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. हातात बुके, खाली ‘थँकफुल पेशंट’. माझं नाव कुठेच नाही. मी दातओठ खात अंगठा टाकला.

काही महिन्यांनी वैशाली पुन्हा तपासून घ्यायला आली. शीर बंद. समीरचं काही चुकलंय का, ते मी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ शोधलं. मेल्याने काम चोख केलं होतं.

“दुखणं गेलं. समीर सर म्हणजे देवमाणूस,” ती म्हणाली. मी मान हलवली.

“पण मॅडम, मागच्या वेळी इथे दुसऱ्या डॉक्टर होत्या ना? त्यांनीच शोधून काढलं. मी रडले तर मशीन सोडून माझा हात धरून उभ्या राहिल्या. त्या कुठे गेल्या?”

सोनोग्राफीची खोली अंधारी असते. तेव्हा सर्दी म्हणून मी मास्क लावला होता, आज नव्हता. ‘मीच ती’ म्हणायला तोंड उघडेना. समीर राहिला बाजूला, मला त्या दुसऱ्या बाईचाच हेवा वाटायला लागला.

“रजेवर आहेत,” मी म्हणाले.

“मग हे त्यांना द्या.” तिने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. “तुम्हीपण घ्या एक.”

मी एक घेतला.

तेव्हापासून तपासणी संपली की मी आधी दिवा लावते, तोंडावर मास्क असेल तर काढते आणि मगच रिपोर्ट सांगते.